प्रवेश विनामूल्य, काही जागा राखीव

गाण्याच्या कार्यक्रमांच्या निमंत्रणपत्रिका ज्यांनी जपून ठेवल्या असतील (मी ठेवल्या आहेत, माझ्या ट्रंकेत चाळीसएक निघतील) त्यांना खालच्या कोपऱ्यातली एक ओळ पाठ असेल. ‘प्रवेश विनामूल्य. काही जागा निमंत्रितांसाठी राखीव.’ ही ओळ इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्याकडे कुणी पाहतच नाही. पहिल्या वाक्यात आपण औदार्य दाखवतो आणि दुसऱ्यात ते हळूच मागे घेतो. गाणे सर्वांना फुकट. पण पुढे कुणी बसायचे ते आधीच ठरलेले.

गेले वर्षभर मी आमच्या संगीत मंडळाची खजिनदार होते. तिकीट किती लावायचे, किंबहुना लावायचे की नाही, ह्यावर ह्या वर्षात जेवढे वाद झाले तेवढे गाणे कुणाचे ठेवायचे ह्यावरसुद्धा झाले नाहीत. त्या वादांत मी आधी एका बाजूला होते, मग दुसऱ्या; आणि दोन्हीकडे तोंडघशी पडले. म्हणून हा लेख. माझे म्हणणे असे आहे की आमच्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या लहान मैफलीला तिकीट असलेच पाहिजे. ते विद्यार्थ्याच्या खिशाला झेपेल असे असावे, परंतु त्यातून मोठ्या माणसांना सूट नसावी. आणि ते ठरवताना हिशेबाची सुरुवात साथीदारांपासून करावी, मुख्य गायकापासून नव्हे.

शेवटचा मुद्दा मला ऑगस्टमध्ये कळला. नगर वाचनालयाचा माडीवरचा हॉल आम्ही घेतला होता. पुढे सतरंज्या, मागे खुर्च्या, दाटीवाटीने एकशेवीस माणसे बसतात. जिमखान्याने पाच हजार रुपये दिले होते आणि बाजारपेठेतल्या एका बी-बियाण्यांच्या व्यापाऱ्यांनी पाच हजार. त्यांचा फलक गायिकाबाईंच्या बरोबर मागे टांगला होता. फोटोत त्या संकरित मक्याची जाहिरात करायला बसल्यासारख्या दिसतात. प्रवेश अर्थातच विनामूल्य. वेळ साडेसहाची होती. प्रमुख पाहुणे सव्वासातला आले. मग दीपप्रज्वलन, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, पुन्हा सत्कार, मनोगत. तंबोरे जुळून पहिला षड्ज लागला तेव्हा आठ वाजून वीस मिनिटे झाली होती. विलंबित ख्याल संपायच्या आत पहिल्या तीन रांगा रिकाम्या झाल्या. निमंत्रितांना दुसरीकडेही निमंत्रण होते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहानंतर बंद सभागृहाबाहेर आवाज जाईल असा ध्वनिक्षेपक लावता येत नाही, म्हणून भैरवी चार मिनिटांत उरकावी लागली. ती ऐकायला चाळीस माणसे होती. सुरुवातीला दोनशे तरी असतील, जिन्यापर्यंत उभी.

हिशेब मात्र चोख जुळला. गायिकाबाईंना पाच हजार (त्या स्वतःच्या गाडीने आल्या, पेट्रोलसुद्धा मागितले नाही), माइकवाल्याला अडीच हजार, हॉलचे दीड हजार. दहांतून नऊ गेले, उरला एक. तो तबलजी आणि पेटीवाले ह्यांना पाचशे-पाचशे वाटला आणि वर एकेक नारळ. वहीत बेरीज लिहून मी खाली दोन रेघा मारल्या तेव्हा मला अभिमान वाटला होता, हे कबूल करते.

तबलजी मिरजेकडचे. साठीचे गृहस्थ. आठवड्यातून दोन दिवस तीन गावांत शिकवण्या करतात. त्यांची शेवटची एस.टी. प्रमुख पाहुण्यांच्या मनोगतात निघून गेली होती. ते रात्री वाचनालयातच बाकावर झोपले. सकाळी मी चहा घेऊन गेले तेव्हा डग्गा पिशवीत भरता भरता ते म्हणाले, “बाळ, पुढच्या वेळी नारळ नका देऊ. तबल्याबरोबर न्यायला जड होतो.” त्यात राग नव्हता. खरोखरच एका हातात तबला-डग्गा आणि दुसऱ्या हातात नारळ घेऊन बसमध्ये चढणे अवघड आहे. पण मला ते वाक्य दोन दिवस पुरले.

त्यानंतर मी मंडळाच्या मागच्या चार वर्षांच्या वह्या काढून पाहिल्या. प्रत्येक वहीत साथीदार शेवटच्या ओळीत. फलक, हार, शाली, चहा, सगळे झाल्यावर जे उरेल ते त्यांचे. गायकाचे मानधन आधी ठरते, कारण तो विचारतो. माइकवाला तर निम्मे आगाऊ घेतो. तबलजीला विचारायचे संकोच वाटतात. त्याची पुडी उतरली तर नवी चढवायला पैसे लागतात, शाईला भेगा पडतात, हे कुणाच्या हिशेबात नाही. म्हणजे ‘प्रवेश विनामूल्य’ असे आपण छापतो तेव्हा कार्यक्रमाचा सर्वांत मोठा देणगीदार तो असतो, आणि त्याचा फलक कुठेच नसतो. ‘बिदागी’ हा शब्द मूळचा निरोपाचा. निघताना द्यायचे ते. आम्ही निरोपही दिला नाही, बाकावर झोपवले.

मग सप्टेंबरच्या बैठकीत मी तिकिटाचा विषय मांडला. आमच्या एका आदरणीय सरांनी (ते हा लेख वाचणार आहेत, म्हणून जपून लिहिते) हरकत घेतली. ते म्हणाले, “गाणं हे प्रसादासारखं आहे. प्रसादाचे कधी पैसे घेतात का?” टाळ्या पडल्या. मीही गप्प बसले. नंतर सुचले, जसे नेहमी नंतरच सुचते, की प्रसाद कुणीतरी रांधलेला असतो आणि त्याला रवा-साखर लागते. आपल्या कीर्तनात हे कधी लपवलेले नाही. उत्तररंग संपतो, आरतीचे ताट फिरते, ज्याला जे जमेल ते तो टाकतो; बुवांना त्यात कमीपणा नाही आणि ऐकणाऱ्यालाही नाही.

आणि आम्ही हे कुठे बसून बोलत होतो? सांगली जिल्ह्यात. ह्याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भावे ह्यांनी ‘सीता स्वयंवर’ केले, ते संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन ह्यांच्या आश्रयाने. तिथे तिकिटाचा प्रश्नच नव्हता. खर्च दरबाराचा होता. १८५१ मध्ये चिंतामणराव गेले आणि आश्रयही गेला. भाव्यांनी नटसंच घेऊन गावोगाव फिरायला सुरुवात केली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून खेळ केले. सूत्रधाराने गावे आणि पात्रांनी वठवावे असे ते गाणेच होते. एका माणसाच्या तिजोरीवर चालणारी कला अनेकांच्या चवल्या-पावल्यांवर उभी राहिली. ह्याला बाजार म्हणायचे असेल तर म्हणावे. मला तर त्यात कलावंताची सुटका दिसते. पुढे विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. असे सांगतात की एका समारंभाला विष्णु दिगंबरांना बोलावणे आले पण त्यांच्या गुरूंना आले नाही, कारण ते पडले गवई. तेव्हा ही अवहेलना त्यांच्या मनाला लागली. १८९६ मध्ये त्यांनी मिरज सोडली, दरबारी नोकरीच्या मागे न लागता लोकांपुढे तिकीट लावून जलसे केले आणि १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. दिवाणखान्यात बसलेल्याची मर्जी सांभाळण्यापेक्षा दारावर तिकीट घेऊन आलेला परका श्रोता बरा, हे त्यांना आपल्याआधी सव्वाशे वर्षे उमगले होते.

मिरजेचाच दाखला उलट बाजूनेही देता येईल, आणि बैठकीत तो दिलाही गेला. मीरासाहेबांच्या दर्ग्यात उरुसाच्या वेळी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ गाणे होते. खाँसाहेब १९३७ साली गेले. तेव्हापासून किती मोठमोठे गवई तिथे येऊन बसले. तिथे तिकीट नाही आणि असूही नये. कारण तिथे गाणारा स्वतः होऊन हजेरी लावायला येतो. तो देतो. आमच्या वाचनालयाच्या हॉलमध्ये तो देत नव्हता, आम्ही काढून घेत होतो. एवढा फरक लक्षात घेतला तर दोन्ही गोष्टी आपापल्या जागी योग्य आहेत.

असो. तिकीट ठरले. आता चूक दुसऱ्या बाजूने झाली, आणि ती माझी होती. मी अर्थशास्त्राची विद्यार्थिनी. मागणीची लवचिकता मला फळ्यावर काढता येते. मी छातीठोकपणे सांगितले की दोनशे रुपये लावू. “स्वस्ताला लोक हलकं समजतात. दोनशे लावले की गाण्याची किंमत कळेल.” नोव्हेंबरच्या कार्यक्रमाचा खर्च मी ह्या वेळी वरून खाली न मांडता खालून वर मांडला. साथीदार दोघे, दोन-दोन हजार. गायक आठ हजार. माइक अडीच हजार, हॉल दीड हजार, लांबचे कलाकार म्हणून गाडीचे अठराशे, चहापाणी सातशे, तिकिटे-पत्रिका पाचशे. एकूण एकोणीस हजार. एकशेवीस गुणिले दोनशे, चोवीस हजार. शिवाय जिमखान्याचे पाच. मनातल्या मनात मी उरलेल्या पैशांचा तंबोरासुद्धा घेऊन टाकला. मिरजेच्या तंबोऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे, तेव्हा घ्यायचा तर तिथलाच, असेही ठरवले.

तिकिटे खपली चौतीस.

सन्मानिका मात्र अठ्ठावन्न गेल्या होत्या. सन्मानिका म्हणजे आपला फुकट पास. पण तो शब्द उच्चारायला बरा वाटत नाही, म्हणून हे नाव. त्या कुणाला गेल्या? डॉक्टर, वकील, पतसंस्थांचे पदाधिकारी, नगरपालिकेतली मंडळी, आणि आपले काही प्राध्यापक (ते क्षमा करतील). म्हणजे गावात ज्यांना दोनशे रुपये सहज देता आले असते त्या सर्वांना आम्ही शोधून शोधून फुकट बोलावले होते, आणि ज्यांना देता येणार नव्हते त्यांच्यासाठी दर ठेवला होता. अठ्ठावन्नांपैकी आले एकवीस. हॉलमध्ये पंचावन्न माणसे, पासष्ट जागा मोकळ्या.

आमच्याच वर्गातला एक मुलगा होस्टेलवर राहतो. कॉलेजातल्या चार सतरंज्या त्याने त्या दुपारी खांद्यावरून वाचनालयाच्या माडीवर नेल्या होत्या. संध्याकाळी मी दारात तिकिटांचे पुस्तक घेऊन उभी होते. तो आला, दराची पाटी त्याने सकाळीच वाचलेली होती, आणि गॅलरीत खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. दोनशे रुपये म्हणजे त्याचे मेसचे अडीच दिवस. मी म्हटले, “आत ये ना.” तो म्हणाला, “असू दे. इथून छान ऐकू येतंय.” आणि ऐकू येत होतेच, स्पीकर खिडकीजवळ होता. त्याच्या आणि गायकाच्या मध्ये पासष्ट रिकाम्या जागा होत्या. त्याला तसाच आत घ्यायला हवा होता, असे कुणी म्हणेल. पण तो मेहेरबानीने आत येणारा नव्हता, आणि मला ते ठाऊक होते. चूक त्या क्षणाची नव्हती, दर ठरवला त्या संध्याकाळची होती.

जमा सहा हजार आठशे आणि जिमखान्याचे पाच. तूट सात हजार दोनशे. मग आम्ही काय केले? जे नेहमी होते तेच. दोन्ही साथीदारांचे हजार-हजार कापले. उरलेले पाच हजार दोनशे एका सरांनी नाव न लिहिण्याच्या अटीवर भरले. पहिल्या ओळीत लिहिलेले साथीदार हिशेब फिसकटताच पुन्हा शेवटच्या ओळीत गेले, हे मला ऑगस्टपेक्षा जास्त लागले; कारण ऑगस्टमध्ये मी अजाण होते.

तेव्हा दर ठरवायचा कसा? मी जे शिकले ते सांगते. प्रथम, हॉल भरेल असे कधीही धरू नये, निम्मा धरावा. एकोणीस हजारांना एकशेवीसने भागले तर माणशी १५८ येतात, पण साठने भागले तर ३१७. हा दुसरा आकडा खरा, आणि तो कुणाला परवडणार नाही. म्हणजे आधी खर्चच खाली आणला पाहिजे, आणि तो गायकाच्या मानधनातून आणायची गरज नाही. लांबून नाव आणायच्या हट्टापायी गाडीचे अठराशे जातात; पंचवीस-तीस किलोमीटरांत उत्तम गाणारी माणसे आहेत. शंभर माणसांच्या हॉलमध्ये सहा माइक आणि दोन मोठे स्पीकर कशाला? दोन माइक पुरतात, आणि गाणेही बरे ऐकू येते.

दुसरे, जिमखान्याचे पैसे. ते आजवर आम्ही खर्चाच्या खड्ड्यात ओतत आलो. ते विद्यार्थ्यांच्या तिकिटात घालावेत. सर्वांना दीडशे आणि विद्यार्थ्यांना पन्नास असा दर ठेवला तर मधले शंभर रुपये जिमखाना भरतो, म्हणजे पाच हजारांत पन्नास विद्यार्थी. ते पैसे मुळात आमच्याच फीमधले आहेत. तेव्हा ही सवलत कुणाची कृपाही नव्हे.

तिसरे, ज्यांना द्यायची इच्छा आहे त्यांना देऊ द्यावे. आम्ही पाचशेच्या थोड्या खुर्च्या ठेवल्या. त्यावर एका सदस्याने भीती घातली की तिकीट म्हणजे कर आला. जुना करमणूक कर २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाला, आणि संगीताच्या कार्यक्रमाला माणशी पाचशे रुपयांपर्यंतच्या प्रवेशमूल्यावर तो कर माफ आहे. म्हणून पाचशेच, वर नाही. ‘देणगी प्रवेशिका’ असे सोवळे नाव छापायचीही मग गरज उरत नाही. तिकीट ते तिकीट. वेगवेगळे दर ठेवले तर श्रोत्यांत वर्ग पडतात, असाही आक्षेप आला. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव भीमसेन जोशी ह्यांनी १९५३ मध्ये सुरू केला. तिथे खुर्च्या-सोफ्यांपेक्षा भारतीय बैठकीचे तिकीट कितीतरी स्वस्त असते, आणि नेमकी दाद कुठून येते असे विचाराल तर जाणकार त्या बैठकीकडेच बोट दाखवतात. आम्ही तर सतरंज्या पुढे ठेवल्या आणि खुर्च्या मागे. पन्नासवाला गायकासमोर, पाचशेवाला पंख्याखाली.

आणि सन्मानिका एकही नाही. प्राचार्यांनाही नाही. हे त्यांना सांगायला कोण जाणार ह्यावर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. त्यांनी पहिले तिकीट घेतले, तेही पाचशेचे. (हे वाक्य संपादकांनी घालायला लावलेले नाही.)

फेब्रुवारीत बासष्ट विद्यार्थी आले, दीडशेचे एकतीस, पाचशेचे नऊ. एकशेदोन माणसे. जमा १२,२५० आणि जिमखान्याचे ५,०००, खर्च १६,७००. त्यात साथीदारांचे अडीच-अडीच हजार, आणि ते कार्यक्रमाच्या आधी पाकिटात घालून ठेवलेले. शिल्लक साडेपाचशे. हिशेब दुसऱ्या दिवशी फलकावर लावला. सत्कार नव्हते, त्यामुळे साडेसहाला म्हणजे साडेसहाला गाणे सुरू झाले. सतरंज्या वाहणारा आमचा मित्र दुसऱ्या रांगेत होता. मध्यंतरात त्याने द्रुत बंदिशीवर माझ्याशी वाद घातला, आणि तो बरोबर होता असे आता वाटते.

सगळे सुरळीत झाले असे मात्र कुणी समजू नये. बियाण्यांच्या व्यापाऱ्यांनी देणगी थांबवली; फलक नाही, पास नाही, तर पैसे कशाला, हे त्यांच्या बाजूने रास्तच आहे. पन्नास रुपयेही ज्यांना नकोत असे विद्यार्थी आहेत. त्यांतले काही सिनेमाला ह्याच्या चौपट देतात, त्यांच्याबद्दल मला काही वाटत नाही, पण काहींना खरोखरच जमत नाही. त्यांच्यासाठी दारात एक ताटली ठेवावी, कीर्तनासारखी, ज्याने त्याने जमेल ते टाकून आत जावे, अशी सूचना मी केली होती. ती तीन विरुद्ध पाच मतांनी पडली. पुढच्या मंडळाने ती पुन्हा आणावी. आणि गावातल्या एक निवृत्त संगीतशिक्षिका, ज्यांना वर्षानुवर्षे पहिल्या रांगेचा पास घरपोच जात असे, त्या ह्या वेळी आल्या नाहीत. तक्रार केली नाही. नुसत्या आल्या नाहीत. आमच्यापैकी निम्म्याजणी त्यांच्याकडे शिकल्या आहेत. नियम सर्वांना सारखा म्हणताना त्यांचे काय करायचे, ह्याचे उत्तर माझ्या वहीत नाही. मला वाटते, त्यांना पास नव्हे, माणूस पाठवायला हवा होता; कुणीतरी जाऊन हाताला धरून घेऊन यायला हवे होते.

तबल्याला तेच मिरजेकडचे काका होते. नऊ वाजून दहा मिनिटांनी भैरवी संपली, ह्या वेळी पुरती गाऊन. पाकीट त्यांनी न मोजता खिशात ठेवले. जिना उतरताना एकदा थांबून त्यांनी विचारले, “नारळ नाही ना?” मी नाही म्हटले. त्यांना ९.४० ची गाडी मिळाली.

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)